मुक्या कुकरातली भज्जी

इतवाऱ्याच्या भाजीबाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग लागले की माझे अंगठे दुखायला लागतात. अजून एकही शेंग सोललेली नसते, तरी दुखतात. यंदाही दुखले. दोन किलो तुरीच्या शेंगा, किलोभर वाटाणा, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, गाजरं, वांगी, चुक्याची जुडी असं सगळं पिशवीत कोंबलं. पिशवी उचलताना असा काही आवाज झाला की भाजीवाला घाबरून म्हणाला, "सर, पिशवी फाटली काय?"

"पिशवी चांगली हाय," मी म्हटलं. "कंबर गेली."

"येळवशीची तयारी दिसून राहिली," तो म्हणाला आणि वरून मूठभर मिरच्या फुकट टाकल्या. दया आली असावी.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. पंचांगात तिला वेळा अमावस्या म्हणतात, पण पंचांग वाचतो कोण? लातूरकडं त्या दिवशी गावंच्या गावं ओस पडतात, बाजारपेठेत कुत्रंसुद्धा दिसत नाही. सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्या टेकवून झोपडीसारखी बुटकी कोप करायची, आत पाच खडे चुन्यानं रंगवून लक्ष्मी म्हणून मांडायचे, निवद दाखवायचा, ताकातली आंबील शिंपडत पिकाला फेरा मारायचा, आणि वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. नांदेडात येऊन मला छत्तीस वर्षं झाली. मुदखेडच्या शाळेत विज्ञान शिकवलं, रोजची रेल्वेची ये-जा केली, निवृत्त झालो; पण येळवशीला मी कधी नांदेडात नव्हतो. फक्त गेल्या वर्षी होतो. त्या एका हिवाळ्याचं हे सगळं आहे. शेंगा दिसल्या की तो हिवाळा येतो, आणि आला की मी बसल्या जागी थकतो.

भज्जी म्हटलं की पुण्याकडच्या माणसाला कढईत तळलेली भजी आठवतात. ही तशी नव्हे. त्या दिवसांत शेतात जे जे हिरवं उभं असतं, त्या सगळ्याचे दाणे आणि पाला एका पातेल्यात घालायचा, चिंच-चुक्यानं आंबटवायचा, डाळीचं पीठ लावायचं आणि चुलीवर घट्ट होईस्तोवर रटरटू द्यायचं. वरून करडीच्या तेलाची फोडणी, ती अशी की पहिल्या घासाला ओघळ कोपरापर्यंत यावा. सोबत ज्वारीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे. एवढं पोटात गेल्यावर माणूस बांधावर आडवा होतो आणि त्याला जगातल्या कुणाविषयीही तक्रार राहत नाही.

आमच्यात ही भज्जी करायची आक्कानं. आक्का माझी थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं आमचं गाव, गावातच तिला दिलेली, गावातच तिची शेती. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. पुढं दाजीही गेले, मूलबाळ नव्हतं, शेती तिनं एकटीनं ओढली. तिला अजून वाटतं की मला शिकवून तिनं एक बैल कमी केला आणि बदल्यात काही मिळालं नाही. हे ती चारचौघांत सांगते.

येळवशीचा एक कायदा फार कडक. निवद दाखवल्याशिवाय चव घ्यायची नाही. पन्नास माणसांची भज्जी, आणि मिठाचा अंदाज नुसत्या हातानं. आक्का मिठाच्या डब्यात हात घालायची, मूठ भरून काढायची, मग बोटं थोडी सैल करून चार दाणे परत डब्यात सोडायची आणि पातेल्यावरून हात फिरवायची. डोळे भलतीकडंच, ज्वारीच्या पिकात पाखरं किती बसली ते बघत. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. ते चार दाणे ती परत का सोडायची, हे मला कधी कळलं नाही.

नऊ वर्षांचा असताना मी हा कायदा मोडला होता. सगळे कोपीकडं गेलेले बघून पातेल्यात पळी घातली आणि भज्जी चाटली. जीभ भाजली, ते निभावलं असतं, पण मी तिथूनच हाळी दिली, "आक्का, भज्जीत मीठच न्हाई!" चोरानं आपण होऊन चौकीत जावं तसं. मीठ अजून घालायचंच होतं. आक्कानं माझ्या उष्ट्याची वाटी वेगळी काढली, उरलेल्या भज्जीला मीठ घातलं आणि मला बांधाच्या पलीकडं बसवून ती अळणी वाटी संपवायला लावली. "लक्षुमीच्या आधी जेवलास न्हवं? मग जेव," म्हणाली. त्या वाटीची चव मी पन्नास वर्षं विसरलो होतो.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि गावाकडून निरोप आला की आक्काच्या पायात चप्पल जाईना. पाय सुजलेले, दोन पावलं चाललं की दम. गाडी करून नांदेडला आणली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "हृदय थकलंय." हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला की मला ते पटलंच. आमच्या घरात थकलेलं नव्हतं काय? सुनंदाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, गुडघे थकले होते. फ्रिज थकला होता, रात्रंदिवस कण्हायचा. मी तर निवृत्तीच्या आधीपासूनच. त्यात आता आक्काचं हृदय. गोळ्या दिल्या, तेल कमी केलं, पाणी मोजून दिलं, आणि मीठ दिवसाला एक चमचा. चमचा म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो, बाहुलीच्या संसारातला.

खालच्या मजल्यावर वाघमारे सिस्टर राहतात. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्या रोज सकाळी वजनकाटा काखेत मारून वर यायच्या, आक्काला काट्यावर उभं करायच्या, पायावर बोट दाबून खड्डा पडतो का बघायच्या आणि मग चमच्यातलं मीठ सुरीच्या पाठीनं सपाट करून सुनंदाच्या हवाली करायच्या.

"एवढंच. दिवसभराचं," त्या म्हणायच्या.

"सिस्टर, आमच्याकडं चिमणीला बी यापरीस जास्त टाकतात," आक्का म्हणायची.

"चिमणीला बीपी नसते, आक्का."

सुनंदा ते चमचाभर मीठ तीन जेवणांत वाटून घालायची. सकाळच्या भाजीत चिमूट, दुपारच्या वरणात चिमूट, रात्रीच्या भातात उरलंसुरलं. परिणाम असा की कशालाच चव नव्हती. आक्का पहिला घास घ्यायची, तोंडात घोळवायची, दुसरा घ्यायची आणि ताट सरकवायची. "वल्लं गवत हाय बापू. मला काय दावणीला बांधायला आणलंस का?"

पहिल्या पंधरवड्यात सूज उतरली. आम्ही आनंदलो. मग अंगच उतरायला लागलं. बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. सिस्टर काट्याकडं बघून नुसता आकडा लिहून घ्यायच्या, आणि तो आकडा आम्हाला दिवसभर पुरायचा. मार्गशीर्षातलं थंड ऊन गॅलरीत यायचं, आक्का त्यात पांघरूण घेऊन बसायची, आणि मी तिच्यासमोर वाटी धरून. दमणूक मोठ्या कामानं होत नाही हे मला त्या महिन्यात कळलं. वाटी धरून बसल्यानं होते. एका वाटीला दीड तास. मध्येच मी तिला गोष्टी सांगायचो, गावातल्या माणसांच्या चुगल्या सांगायचो, तिला हसू यायचं. तेवढ्यात चमचा पुढं केला की तोंड मिटायची. हसू आत, चमचा बाहेर.

डॉक्टरांनी शेवटी सांगून टाकलं. आठ-दहा दिवसांत खाणं वाढलं नाही तर दाखल करा, नाकातून नळी घालून द्यावं लागेल.

दाजींना शेवटी नळी होती. आक्कानं उशाशी बसून ते दिवस काढले होते. घरी आल्यावर ती खाटेवर बसली आणि म्हणाली, "बापू, नळी नगं. त्यापरीस मला शेतात न्हेऊन ठेव. येळवस आली का न्हाई?"

येळवस बरोब्बर नवव्या दिवशी होती. पण एवढ्या लांबचा प्रवास डॉक्टरांनी साफ नाकारलेला. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी म्हणालो, "तू कशाला शेतात जातेस? शेतच इकडं आणतो! भज्जी खाशील ना?"

"कोन करनार? सुनंदीचं गुडघं बघ. तिला तासभर उभं ऱ्हाता येतंय का?"

"मी करतो."

आक्का किती दिवसांनी मोकळी हसली. "तू? बरं. तू केलीस तर खाईन. वाटीभर खाईन." माझी गॅस पेटवतानासुद्धा काडी विझते हे तिला ठाऊक होतं. न खाण्याची तिनं पक्की सोय करून घेतली होती.

इथं मला कपाटावरचं खोकं आठवलं. बेंगळुरूला असलेल्या आमच्या लेकीनं आईच्या गुडघ्यांसाठी पाठवलेला स्लो कुकर. मातीचं असावं तसं जड भांडं, काचेचं झाकण, विजेची वायर. सकाळी घालायचं, दुपारी काढायचं, मध्ये उभं राहायचं नाही, ढवळायचं नाही. वर्षभर त्याच्यावर गोधड्या ठेवल्या होत्या. मी तो काढला, पुसला आणि आक्कासमोर स्टुलावर मांडला.

तिनं झाकण उचलून आत बघितलं. "शिट्टी कुठाय?"

"याला शिट्टी नसते."

"मग शिजलं कसं कळतंय?"

"वेळेवर."

"आग बया, मुका हाय की रं कुकर!" आक्का सुनंदाला म्हणाली. "ह्यो बोलून बोलून दमवतोय, आन् त्याला जोडीदार मुका. बरं जमलं."

पहिला प्रयोग मी सकाळी आठला लावला. बटणावर तीन खुणा होत्या. त्यातली वॉर्म मी निवडली. वॉर्म म्हणजे गरम, गरम म्हणजे शिजणार, हा माझा शास्त्रीय विचार. दुपारी तीनला झाकण काढलं तेव्हा वाटाणा बाजारातून आणल्यासारखा टवटवीत होता. फक्त कोमट. ती खूण शिजलेलं गरम ठेवायची होती.

दुसऱ्या दिवशी खूण बरोबर होती. पण सुरुवातीलाच मी चिंचेचा कोळ आणि चुका घातला, आणि दर पंधरा मिनिटांनी झाकण काढून आत बघितलं. मुका कुकर प्रत्येक वेळी गार व्हायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायचा, असं सिस्टरांनी मागाहून समजावलं. आठ तासांनी आक्कानं एक हरभरा तोंडात टाकला, कवळीवर वाजवला आणि काढून हातावर ठेवला. "ह्यो दाना न्हाई. छर्रा हाय."

"आंबटात दाणा शिजत नाही हे माझ्या आईला शाळेत न जाता ठाऊक होतं," सुनंदा म्हणाली. "तुम्ही तर पोरांना आम्लं शिकवली."

"आम्लं शिकवली. भज्जी अभ्यासक्रमात नव्हती."

तिसऱ्या प्रयोगात मी आंबट शेवटी घातलं, झाकणाला हात लावला नाही, पीठही वेळेवर लावलं. मग वाटलं, उंडे वेगळे कशाला वाफवायचे, यातच सोडू. दोन तासांनी उंडे नव्हते. त्यांची खळ झाली होती. भिंतीवर पत्रकं चिकटवायला उत्तम. आक्कानं त्यातले दोन घास खाल्ले, माझ्याकडं बघितलं आणि तिसराही खाल्ला. तो तिसरा घास भज्जीसाठी नव्हता, हे मला कळत होतं. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रोज संध्याकाळी मी शेंगा सोलायचो. नखांत हिरवा मळ बसलेला, अंगठ्याची आग होतेय, समोर आक्का डोळे मिटून. एकदा वाटलं झोपली. तर म्हणाली, "किडकी शेंग आत टाकलीस." मी परात चाळली. खरंच होती. आवाजावरून कळलं म्हणाली. एवढं सगळं जिला ऐकू येतं, तिला दोन घासांवर जगायला लावून आपण काय करून राहिलो, असं मनात आलं. कुणाला विचारणार? सुनंदा दमून निजलेली. मी पुढची शेंग घेतली.

येळवशीच्या दिवशी सकाळी सहाला कुकर लावला. दाणे आधी एक उकळी काढून घेतलेले, आंबट बाजूला, उंडे वेगळे, तेल मोजून एकच चमचा. सुनंदाला बजावलं, "आज माझ्या कुकरला हात लावायचा नाही."

"नाही लावत बाई," ती म्हणाली. आणि तिनं खरंच लावला नाही.

मग शेत आणायला घेतलं. गवळ्याकडून कडब्याची एक पेंढी आणली होती, तिची गॅलरीत गुडघ्याएवढी कोप उभी केली. ती तीनदा पडली. गोदावरीच्या घाटावरून पाच खडे आणलेले. चुना आणायचा राहिला, तेव्हा शाळेतला खडू उगाळून लावला. निवृत्त मास्तराच्या घरात दुसरं काही नसलं तरी खडू असतो. आमच्या आठ कुंड्या हे रान. त्यांत तुळस, कोरफड, एक मिरची आणि वाळलेलं काहीतरी. आक्काला खुर्चीत आणून बसवलं. ती त्या शेताकडं बघत म्हणाली, "पीक बरं हाय. पाऊस कमी झाला वाटतं."

मी कडुनिंबाची डहाळी आंबिलीत बुडवून "ओलग्या, ओलग्या" अशी येळवशीची आरोळी देत कुंड्यांना फेरा घातला. तसा गळा फाडून कितीतरी वर्षांत ओरडलो नव्हतो. शिंपण जरा जोरात झालं. खालून सिस्टरांचा आवाज आला, "वरून ताक कोण ओतून राहिलं? माझी चादर वाळू घातलीय!"

"येळवस हाय सिस्टर, वर या!" आक्का खुर्चीतून ओरडली. जेवायला बोलवायची हाळी द्यायला तिच्यात कुठून दम आला, कोण जाणे. सिस्टर चादरीसकट वर आल्या.

निवद दाखवला. वाट्या भरल्या. पहिली आक्काच्या हातात. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडं बघत उभे. दाणा मऊ झाला होता, ते मला पळीवरच कळलं होतं. रंगही आला होता. आक्कानं घास घेतला, चावला, थांबली.

"मीठ कुठाय?" तिनं विचारलं.

मी सुनंदाकडं बघितलं. सुनंदानं माझ्याकडं.

"तुम्ही घातलं नाही?"

"मी कशाला? तू घालतेस ना?"

"मी प्रयोगांत घालायचे. आज तुम्ही हात लावू दिलात कुठं?"

तीन दिवस मी कुकर चालवत होतो आणि मीठ सुनंदा घालत होती, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. चव घ्यायची नाही, म्हणून दोघांनीही घेतली नव्हती. नऊ दिवसांची खटपट, एवढ्या शेंगा, आणि शेवटी पन्नास वर्षांपूर्वीची तीच अळणी वाटी, ती पण आक्काच्या हातात. मी खाली बघून उभा राहिलो. पाय दुखत होते. उद्या दवाखान्यात न्यायचं, एवढंच डोक्यात होतं. त्याचीसुद्धा फार भीती वाटेना. भ्यायलाही थोडी ताकद लागते.

"आजचं मीठ कुठाय?" आक्का सिस्टरांना विचारत होती.

सुनंदानं बशीत ठेवलेला तो चमचा आणला. सपाट, भरलेला, सकाळपासून तसाच.

"ह्ये समदं माजं ना?"

सिस्टरांनी चमच्याकडं बघितलं. "तुमचंच आहे. पण आत्ता घेतलं तर रात्री नाही मिळणार, आक्का."

"नगं मिळू दे. महिना झाला ह्यो चमचा तीन ठिकानी वाटून खाते. कुठंच लागंना. आज एका ठिकानी लागू दे."

तिनं चमचा हातावर उलटा केला. बोटं मिटली. मग ती किंचित सैल केली आणि चार दाणे परत बशीत सोडले. वाटीवरून हात फिरवला. डोळे कोरफडीच्या पलीकडं, रस्त्यावर. ढवळलं नाही. वरच्या वर मीठ राहू दिलं आणि घास घेतला.

तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. उंडा कुस्करला. वाटी निम्मी झाली, मग तळ दिसला. सिस्टर तोंडानं हळूच मोजत होत्या, पण काय मोजत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"कशी झाली?" मी विचारलं. मला गप्प बसता येत नाही.

"भज्जी न्हाई ह्ये," आक्का म्हणाली. "भज्जीची चुलत भैन हाय. वाढ अजून."

आम्हीही आपापल्या वाट्यांत वरून मीठ घेऊन जेवलो. सुनंदानं दुसऱ्या दिवसापासून मीठ वाटायचं बंद केलं. सकाळी सिस्टर चमचा सपाट करायच्या आणि सरळ आक्काच्या बशीत ओतायच्या. कुठल्या जेवणात किती, ते आक्का बघायची. शिजवताना कशातच मीठ नाही. ती वरून आपल्या हातानं घ्यायची. एखाद्या दिवशी सकाळची भाजी अळणी गिळून सगळं दुपारसाठी राखायची. जेवण एकदम वाढलं नाही. रडतकढत वाढलं. पण नळी लागली नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय बदल केला? मी मुक्या कुकराचं तेल कमी, आच मंद असं सविस्तर भाषण दिलं. मिठाचं सांगायचं राहिलं. मला तेव्हा ते महत्त्वाचं वाटत नव्हतं. आता वाटतं की महिनाभर आम्ही तिचं सगळं मोजलं, पाणी मोजलं, वजन मोजलं, घास मोजले. तिच्या हाताला मात्र एकही काम दिलं नाही. आयुष्यभर ज्या हातानं पन्नास माणसांना चव दिली, तो हात आम्ही पांघरुणात गुंडाळून ठेवला होता.

फाल्गुनात तिला गावाकडं सोडून आलो. सूज नव्हती, पण दम अजून लागायचा. थकलेलं हृदय नवं होत नाही. सांभाळून वापरायचं. शेजारची बाई दोन वेळा येऊन बघते. मी महिन्याला जातो, परतताना एसटीत डोळा लागतो, अहमदपूर कधी गेलं कळत नाही. दर वेळी उतरताना वाटतं, आणखी किती फेऱ्या? आणि मग स्वतःचीच लाज वाटते, कारण फेऱ्या संपाव्यात असं थोडंच वाटतं.

यंदा येळवशीला आम्ही तिघं गेलो, मी, सुनंदा आणि सिस्टर. मी मुका कुकर गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून गावापर्यंत नेला. शेतात पोचल्यावर आक्कानं विचारलं, "लावनार कुठं? बाभळीला?" शेतात वीज नाही, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या विज्ञानशिक्षकाला नांदेडपासून शिरूरपर्यंत सुचलं नव्हतं. कुकर दिवसभर कोपीशेजारी बसून राहिला. कुणीतरी त्याच्यावर टोपी ठेवली.

भज्जी चुलीवर केली. दाणे आधी, आंबट नंतर, तेल एकच चमचा. पळी माझ्याकडं होती. आक्का खाटेवर बसलेली, पांघरूण खांद्यावर. ज्वारी पोटऱ्यात आलेली, पाखरं बसत होती, उठत होती. मी मिठाचा डबा तिच्यापुढं नेला. पातेल्यात थोडंच, तिच्या चमच्याच्या हिशेबानं. ज्याला हवं तो वरून घेईल, असं ठरलेलं.

तिनं हात पांघरुणातून काढला. डब्यावर नेला. बोटं कापत होती. कापणं थांबेल म्हणून तिनं थोडं थांबून बघितलं. मग हात परत आत घेतला.

"औंदा तू घाल," ती म्हणाली.

"मला नाही कळत, आक्का."

"मला तरी कुठं कळत हुतं? घाल."

मी मीठ घेतलं. मूठ मिटली. माझा हात काहीच सांगत नव्हता. आयुष्यभर खडू धरलेला हात, त्याला मिठातलं काय कळणार? मी बोटं सैल केली. चार दाणे परत डब्यात पडले. आणि एकदम कळलं की ते का सोडायचे. चुकायची भीती तेवढी डब्यात परत टाकायची, आणि उरलेलं पातेल्यात. निदान मला तरी तसं वाटलं. मी पातेल्यावरून हात फिरवला आणि ज्वारीकडं बघितलं.

निवद दाखवला. वाटेनं चाललेल्या दोघांना सिस्टरांनी हाताला धरून आणलं. येळवस त्या आता माझ्यापेक्षा जास्त ओळखतात. पहिली वाटी आक्काला दिली. सगळे तिच्या तोंडाकडं बघत थांबले.

तिनं घास घेतला. सावकाश चावला. गिळला.

"बघता काय माज्या तोंडाकडं?" ती म्हणाली. "वाढून घ्या की. गार होतंय."

मीठ कसं झालं ते तिनं सांगितलं नाही. मीही, जन्मात पहिल्यांदा, विचारलं नाही. तिनं उंडा कुस्करला आणि दुसरा घास घेतला.